एकाच पुडीचा दोनदा तुरुंग

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतला एक पोरगा. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या त्याच्याच दारात गाडी. गांजा सापडला. पंचनामा झाला, 1985च्या कायद्याखाली केस झाली, कोर्टानं जामीन दिला. घरी आईच्या हातची भाकर पुरती गिळली नव्हती, तोवर दुसरा कागद. 1981च्या कायद्याखाली तू 'औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार', चल आत, बारा महिने. कागदाला जोडलेला पंचनामा तोच. वर नाव नसलेल्या दोन गुप्त साक्षीदारांचे जबाब.

पोरगा मला विचारतो, "गोदीत पोती उचलतोस, मॅट्रिक झालायस, कविता करतोस. सांग, एका पुडीला किती वेळा आत जायचं?"

मी संविधान उघडलं. कलम 20, पोटकलम 2. बाबासाहेबांच्या मसुदा समितीचा मजकूर साधा होता : एकाच गुन्ह्याबद्दल कुणालाही एकापेक्षा जास्त वेळा शिक्षा होणार नाही. संविधान सभेनं त्यात 'खटला भरून' एवढं घातलं. नोकराची खातेचौकशी आणि कोर्ट दोन्ही चालावं म्हणून. दोन शब्द, मित्रांनो! त्या फटीतून पुढं हत्ती गेले.

1949 साली एक माणूस जेद्दाहून सांताक्रूझला उतरला, जवळ 107.2 तोळे सोनं. कस्टमवाल्यांनी सोनं जप्त केलं. मग मुंबईच्या मॅजिस्ट्रेटपुढं खटलाही भरला. सुप्रीम कोर्ट 1953 मध्ये म्हणालं, कस्टम म्हणजे कोर्ट नव्हे, तेव्हा ही दुसऱ्यांदा शिक्षा नव्हे. सोनं गेलं ते काय, बक्षीस होतं?

पोराला हीच फट लागली. स्थानबद्धता शिक्षा नाही म्हणे, ती 'प्रतिबंध' आहे. भिंती त्याच, पहारा तोच, पण नाव वेगळं. सल्लागार मंडळापुढं वकील उभा करायचाही हक्क नाही. आणि मुख्य खटल्यात सजा लागली तर ते वर्ष वजा होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1977 मध्येच ठरवून टाकलंय. म्हणजे ते वर्ष गेलं कुठं? कुणाच्या खात्यात जमा?

उद्या तो दुसरी पुडी घेऊन सापडला तर दुसरी केस होणारच, सजा दीडपटीपर्यंत जाणार. ते मी समजू शकतो, गुन्हा नवा आहे. पण तीच पुडी?

गंमत बघा. याच नाशिकच्या शिंदे गावात एम.डी.चा आख्खा कारखाना चालला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईचे पोलीस आले तेव्हा तो दिसला. वस्तीतली पुडी मात्र रोज दिसते.

माझं म्हणणं सरळ आहे. कोर्टानं जामीन दिलाय आणि तो सरकारला पटत नाही, तर त्याच कोर्टात जाऊन रद्द करून घ्या. मागच्या दारानं उचलू नका. 2011 मध्ये तामिळनाडूच्या रेखा नावाच्या बाईनं नवऱ्यासाठी लढा दिला. त्यालाही औषधांच्या गुन्हेगार म्हणूनच डांबलं होतं. साधा कायदा पुरतो तिथं स्थानबद्धता चालणार नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. हा निकाल वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या अर्जाला जोडा रे. वकील जोडत नसेल तर तुम्ही जोडा.

पोरगा बारा महिने भोगून आलाय. परवा मूळ केसची तारीख आहे. पंच तेच, पुडी तीच, सील केलेली.