अडीचशे चौरस फूट

30 सप्टेंबर जवळ आला की कुणीतरी व्यासपीठावरून म्हणतंच : भूकंपानं गरीब-श्रीमंत पाहिलं नाही, सगळ्यांना एका ओळीत आणून बसवलं. मी किल्लारीच्या परिसरातला. 1993 साली तेरा वर्षांचा होतो. पुढे नोकरीनं महाराष्ट्राबाहेर नेलं. तिथले इतर भाषांतले मित्रही लातूरचं नाव निघालं की सांत्वन म्हणून हेच वाक्य माझ्या हातावर ठेवतात. आता ते घेववत नाही. ते खोटं आहे, आणि एकदा नाही, दोनदा खोटं आहे.

भूकंपानं पाहिलं होतं. फक्त उलट्या बाजूनं. आमचा वाडा दगडमातीचा, भिंती अडीच फुटांच्या, वर माळवद. गळायला लागलं की उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नसे. आजोबांच्या वेळचे थर तसेच डोक्यावर. भिंत जितकी जाड, तितकी घराण्याची पत. आदल्या वर्षी धक्के बसले तेव्हा काही रात्री अंगणात झोपलो, मग भीतीचाही कंटाळा आला आणि आत गेलो. त्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून सगळे गाढ झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी माळवद खाली आलं. आजी आणि धाकटी बहीण गेल्या.

आमचे सालगडी, ज्यांना मी मामा म्हणायचो, गावकुसाबाहेर कुडाच्या छपरात राहत. छप्पर कलंडलं, माणसं बाहेर आली. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. मामा, मामी आणि त्यांची पोरं अंधारात वाड्याकडे धावत आली आणि हातांनी दगड उपसू लागली. मला त्यांनीच काढलं, मग आईवडिलांना. मामांच्या उजव्या हाताची दोन नखं त्या पहाटे गेली, ती पुन्हा नीट आली नाहीत. लष्कर, पत्रकार, पुढारी सगळे नंतरचे.

म्हणजे त्या एका पहाटेपुरती गरिबी माणसांच्या कामी आली. मग मोजमाप सुरू झालं.

52 गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. घरं कुणाला केवढी, याचा निकष ठरला तो जमिनीचा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टर, 400. सातच्या वर, 750. कुणाची किती माणसं गेली, किती उरली, रात्री किती जणांना अंग टाकायचं आहे, हे नाही. सातबारा. आम्ही तिघं उरलो होतो, आम्हाला 750. मामांच्या घरी सहा माणसं, त्यांना 250.

याचं समर्थन मी आमच्याच ओसरीवर ऐकलंय. मोठ्या शेतकऱ्याला बैलबारदाना, कडबा, धान्य ठेवायला जागा लागते. ज्याचं जेवढं पडलं तेवढं त्याला. मग गोठा द्यायचा होता, कोठी द्यायची होती. देशभरातून मदत आली ती माणसं उभी राहावीत म्हणून. परगावच्या शाळांतल्या पोरांनी डब्यात रुपया टाकताना कुणाचा सातबारा मागितला नव्हता. मामांना जन्मात पहिल्यांदा पक्कं घर मिळालं, हेही खरं. मामी पहिल्या दिवशी भिंतीवरून नुसता हात फिरवत होती. पण तो हात दाखवून माझं तोंड बंद करू नका.

आणि आपण लिहिणारे? मी स्वतः या भूकंपावर लिहिलं ते आजीवर. ढिगाऱ्यात सापडलेल्या तिच्या चष्म्यावर. लोक रडले, अनुवाद झाले. त्यात मामा कुठंच नव्हते. मला बाहेर काढणारे हात मी ‘कुणीतरी’ या शब्दात उरकले होते. पडलेल्या वाड्यावर लिहायला सोपं जातं. न पडलेल्या छपराचं काय करायचं, ते आम्हाला कळत नाही.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. मामांच्या पोरांनी घराला पुढे पत्रा वाढवलाय. घर पुरतं का, असं विचारलं. मामा हसले. “बरं हाय की बाळ. पाय लांब करायचं म्हणलं की तेवढं दार उघडं ठेवावं लागतंय.”

आमच्या घराच्या दोन खोल्यांत सोयाबीन भरलेलं असतं. एरवी कुलूप.