गाडीखालून धूर : ब्रेकचा की एक्सलचा? घाटातल्या चाकांमागचे वंगणाचे गणित

मावळ : घाट उतरून गाडी पळसदरी-कर्जतकडे आली की खिडकीतून जळका वास येतो. लोणावळ्याच्या नेहमीच्या प्रवाशाला त्याचे काही वाटत नाही. नवखा मात्र दचकतो, मोबाइल काढतो, आणि चाकाजवळचा धूर ‘गाडीला आग’ या मथळ्याखाली तासाभरात तळेगावपासून कार्ल्यापर्यंतच्या ग्रुपवर फिरायला लागतो. बहुतेक वेळा ती आग नसते. घाटात वेग आवरण्यासाठी दाबलेले ब्रेक तापलेले असतात, एवढेच.

पण ‘एवढेच’ म्हणून दरवेळी सोडूनही देता येत नाही. चाकाजवळचा धूर दोन कारणांनी येतो. एक ब्रेकचा, दुसरा एक्सलच्या टोकाला असलेल्या बेअरिंगचा. पहिला बहुतेकदा त्रासापुरता असतो, दुसरा गाडी रुळावरून खाली उतरवू शकतो. आणि दोन्हींपेक्षा मोठा धोका तिसराच आहे, तो म्हणजे घाबरून खाली उडी मारणे.

२२ जानेवारी २०२५ ची घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस जळगाव जिल्ह्यात पाचोरा तालुक्यातील माहेजी ते परधाडे या स्थानकांदरम्यान होती. चाकाजवळ ठिणग्या दिसल्या, डब्यात आगीची अफवा पसरली, कोणीतरी साखळी ओढली. गाडी थांबताच लोक खाली उतरले ते थेट शेजारच्या रुळावर. समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जणांचा जीव गेला. ठिणग्यांचे कारण म्हणून प्राथमिक माहितीत ब्रेक जाम होणे आणि एक्सल गरम होणे, अशी दोन्ही नावे आली होती. आग मात्र नव्हतीच.

भोर घाटात हीच वेळ आली तर? तिथे कर्जत ते लोणावळा तीन मार्ग आहेत, दर ३७ फुटांना एक फूट असा चढ-उतार आहे, बोगदे आहेत, आणि रुळाच्या बाजूला कित्येक ठिकाणी पाय ठेवायलाही जागा नाही. म्हणून हा विषय मावळकराने नीट समजून घ्यायला हवा.

डबीत असते काय?

रेल्वेचे चाक मोटारीच्या चाकासारखे एक्सलभोवती फिरत नाही. दोन चाके आणि मधला एक्सल हे सगळे एकजीव असते आणि एकत्रच फिरते. डब्याचे वजन येते ते एक्सलच्या दोन्ही टोकांवरच्या डब्यांवर, ज्यांना रेल्वेतले लोक ‘एक्सल बॉक्स’ म्हणतात. फिरणारा एक्सल आणि न फिरणारा बॉक्स यांच्यामध्ये असते ते बेअरिंग. कोळशाने भरलेल्या वाघिणीत एका एक्सलवर २२-२३ टन भार पडतो, म्हणजे एका टोकाच्या बेअरिंगवर ११ टनांच्या आसपास. लोकलचे चाक लोणावळ्याहून पुण्याला जाईपर्यंत २१ हजारांहून जास्त फेरे घेते. लोखंडावर लोखंड एवढ्या भाराने घासले तर काय होईल हे सांगायला नको. ते घासत नाही, कारण मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो. रोलर बेअरिंगमध्ये हा पापुद्रा डोक्याच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ असतो. सगळा खेळ त्याच्यावर चाललेला असतो.

जुन्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय गाडी बाजाराला निघत नसे. वंगण संपले की गाडी करकरायला लागायची, आणि अख्ख्या गावाला कळायचे कोणाची गाडी आली. रेल्वेची जुनी पद्धत याच्याच जवळची होती. पितळेच्या तुकड्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर, त्याखाली एक्सलचे गुळगुळीत टोक, आणि टोकाखाली तेलात भिजवलेला सुताचा बोळा. एक्सल फिरला की बोळ्यातले तेल वर ओढले जायचे. स्थानकात गाडी थांबली की तेलाची किटली घेतलेला माणूस डबी उघडून बघायचा. बोळा सरकला, तेल संपले किंवा आत पाणी-माती गेली की पापुद्रा तुटायचा. मग ते अस्तर सुमारे २४० अंशांना वितळायचे आणि पोलादावर पितळ घासायचे. तरीही गाडी पळत राहिली तर एक्सलचे टोक तुटून पडायचे. याला आजही रेल्वेत ‘हॉट एक्सल’ म्हणतात.

या गोष्टीत लोणावळ्याच्या वाटेला एक मानाचे पानही आहे. १ जून १९३० रोजी पुणे-मुंबई मार्गावर दख्खनची राणी सुरू झाली. भारतीय रेल्वेवर रोलर बेअरिंगचे डबे पहिल्यांदा आले ते याच गाडीला, असे रेल्वे अभिमानाने सांगते. घासण्याच्या जागी गडगडणे आले. गाडी हलवायला जोर कमी लागू लागला, तेलाची किटली हळूहळू गेली, डबीत ग्रीस आले. आता एलएचबी डब्यांना आणि नव्या वाघिणींना तर बंद बेअरिंग असते. ग्रीस कारखान्यात भरायचे, सील लावायचे, आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत उघडायचे नाही.

सोय झाली, यात वाद नाही. पण जुनी डबी मरण्याआधी बराच वेळ ओरडायची, धूर सोडायची. रोलर बेअरिंग मात्र आतून खराब व्हायला लागले तर बराच काळ गप्प राहते आणि शेवटी फार थोड्या वेळात जाते. त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले, कमी नाही.

नजर ठेवतो कोण?

मोठ्या स्थानकात गाडी शिरताना रुळाच्या दोन्ही बाजूंना बसलेले कॅरेज-वॅगन विभागाचे कर्मचारी अनेकांनी पाहिले असतील. ते प्रवाशांकडे बघत नाहीत, चाकांकडे बघतात आणि कान देतात. गाडी थांबल्यावर पिस्तुलासारखे दिसणारे तापमापक एक्सल बॉक्सवर रोखतात. त्यांचा हिशेब सोपा असतो. सगळे बॉक्स थोडे कोमट असणारच, पण एकच बॉक्स त्याच्या भावंडांपेक्षा जास्त तापलेला दिसला तर त्यात काहीतरी आहे.

दोन स्थानकांच्या मधली नजर मात्र वेगळ्या माणसाची. फाटकावरचा गेटमन हिरवा झेंडा घेऊन उभा राहतो तो गाडीला सलाम करायला नाही. जाणारी प्रत्येक गाडी बघायची आणि कुठे धूर, ठिणगी, लोंबकळणारा भाग दिसला तर लाल दाखवायचा, हे त्याचे नेमून दिलेले काम आहे. स्टेशन मास्तरचेही तेच.

आता पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. मावळाची ही जुनी मागणी. आज या पट्ट्यात दोनच मार्ग आहेत. त्यामुळे कामशेत-वडगावच्या दरम्यान एका मालगाडीचा एक्सल तापला की तिला रखडत पुढच्या स्थानकात न्यायचे, तो डबा काढून बाजूला ठेवायचा, आणि तोवर मागची लोकल, मागची एक्स्प्रेस, सगळे उभे. कॉलेजची पोरे, चिंचवडला पाळीवर जाणारे कामगार यांचा अर्धा दिवस एका बेअरिंगमध्ये जातो. मार्ग वाढले तर हा त्रास कमी होईल, हे खरेच.

पण मार्ग वाढतात तशी फाटके बंद होतात, पूल आणि भुयारी रस्ते येतात. ते व्हायलाच हवे, फाटकात अडकलेल्या रुग्णवाहिकेचा अनुभव मावळात कोणाला सांगायला नको. मात्र प्रत्येक फाटकाबरोबर गाडीकडे बघणारी एक जोडी डोळेही कमी होते, याची चर्चा कुठल्याच बैठकीत ऐकू येत नाही. रेल्वेकडे त्यावर उपाय आहे. रुळाकडेला बसवलेली यंत्रे जाणाऱ्या एक्सल बॉक्सची उष्णता मोजतात. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत मायक्रोफोन असतात, ते बेअरिंगचा आवाज टिपून ते तापण्याच्या आधीच दोष ओळखतात. देशात अशी यंत्रणा टप्प्याटप्प्याने बसत आहे. मावळच्या लोकप्रतिनिधींनी आणि प्रवासी संघांनी जादा लोकल आणि थांब्यांच्या मागणीबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : नव्या मार्गांच्या आराखड्यात ही यंत्रे किती आणि कुठे? घाट उतरायच्या आधी लोणावळ्याच्या अलीकडे एक असावे, हे तर शेंबड्या पोरालाही पटेल. तापलेले बेअरिंग उतारावर सापडण्यापेक्षा सपाटीवर सापडलेले बरे.

दिसले तर करायचे काय?

ब्रेकचा धूर चाकाच्या कडेजवळून किंवा मधल्या डिस्कपाशी येतो, वास उग्र आणि करपट असतो. ब्रेक सुटल्यावर थोड्या वेळात तो विरतो. बेअरिंगचा धूर चाकाच्या बाहेरच्या बाजूला, एक्सलच्या टोकाशी येतो. ग्रीस जळाल्याचा वास, शिट्टीसारखा किंवा घरघरणारा आवाज आणि रात्री लालसर झाक, ही त्याची लक्षणे. हे कळलेले बरे. पण निदान करत बसणे प्रवाशाचे काम नाही. टीसी किंवा गार्डला सांगावे, १३९ वर फोन करावा आणि डब्यातच राहावे. खाली उतरण्याची वेळ आलीच तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूनेच उतरावे, आणि आधी दोन्हीकडे बघावे. घाटात विनाकारण साखळी ओढू नये.

रुळाशेजारच्या शेतात काम करणाऱ्याला असे काही दिसले तर इंजिनापासून कितवा डबा, कुठल्या दिशेची गाडी आणि किती वाजता, एवढे तीन मुद्दे जवळच्या स्थानकाला, फाटकाला किंवा १३९ ला सांगावेत. व्हिडिओ नंतर.

आणि घरच्या मशीनचे काय?

रेल्वेच्या बेअरिंगवर निदान कोणीतरी नजर ठेवतो. भात झोडणी यंत्र, गावची गिरणी, मोटर, कासारसाई-दारुंब्रेच्या संत तुकाराम कारखान्यावर ऊस नेणारी ट्रॉली यांच्याकडे बेअरिंग गेल्यावरच लक्ष जाते. आणि ते नेमके हंगामात जाते, कारण हंगामाबाहेर मशीन उभेच असते. वर लोणावळ्याकडे वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चार महिने ओलीत उभ्या राहिलेल्या यंत्राच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते, गंज धरतो, आणि दिवाळीच्या तोंडावर पट्टा चढवला की पहिल्या दोन तासांत घरघर सुरू होते.

ग्रीस म्हणजे काय, तर साबणाच्या स्पंजात धरून ठेवलेले तेल. काम तेल करते, साबण फक्त त्याला जागेवर ठेवतो. म्हणून सगळे ग्रीस सारखे नसते. स्वस्त कॅल्शियम ग्रीस पाण्याला टिकते पण साधारण ६० अंशांच्या वर पातळ होऊन गळते. लिथियमचे ग्रीस १२० अंशांपर्यंत तग धरते. वेगवेगळ्या जातींची मिसळ केली तर कधीकधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. दुकानात ‘ग्रीस द्या’ म्हणून मिळेल तो डबा आणण्यापेक्षा आत आधी कुठले आहे ते विचारावे, नाहीतर जुने पूर्ण पुसून मगच नवे भरावे. तापमानाचाही हिशेब आहे. बेअरिंग ७० अंशांच्या वर गेले की पुढच्या प्रत्येक १५ अंशांना ग्रीसचे आयुष्य निम्मे होते.

जास्त भरले म्हणजे जास्त चांगले, हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच ग्रीस हवे. ठासून भरले तर ते आतल्या आत घुसळले जाते आणि त्यानेच बेअरिंग तापते. चिखलातून जाणाऱ्या ट्रॉलीचे गणित उलटे. निपल पुसून घ्यावे, आणि ज्या सांध्याला सील नाही त्याच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारावी, म्हणजे माती बाहेर पडते. निपल न पुसता गन लावणे म्हणजे आपल्या हाताने वाळू आत ढकलणे. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला तर ग्रीस लागतच नाही, ते बदलायचेच असते.

बोअरमधल्या सबमर्सिबलची तऱ्हा आणखी वेगळी. पाण्याने भरायच्या मोटरमध्ये बेअरिंगला ग्रीसही नसते, तेलही नसते, स्वच्छ पाणी हेच तिथले वंगण. सोडण्याआधी मोटर पाण्याने नीट भरली नाही किंवा बोअर कोरडी पडल्यावरही चालू ठेवली, तर तळाचे बेअरिंग जळते आणि मोटर वर काढायचा खर्च बेअरिंगच्या कितीतरी पट होतो.

नकली बेअरिंगचा बाजारही मोठा आहे. खोके हुबेहूब असते, भाव निम्मा असतो. काही कंपन्यांनी खोक्यावरचा कोड तपासायला मोबाइल ॲप दिले आहे. पक्के बिल मागितल्यावर दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तिथेच उत्तर मिळते.

भाताची कापणी सुरू होण्याआधी एक काम अर्ध्या तासाचे आहे. पट्टा काढायचा, चाक हाताने फिरवायचे, शाफ्ट वर-खाली हलवून ‘प्ले’ बघायचा. हाताला खरखर लागली तर फिटरला आत्ताच बोलवावे. कापणीच्या आठवड्यात तो सापडत नाही आणि सापडला तर त्याच्याकडे आधीच चार गावांची मशीन उघडून पडलेली असतात.