कातड्याची कड आणि कुणब्याचा विटाळ

शेतकरी व कारागीर बंधूंनो, सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत एक कलम मोठें चांगलें आहे. सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवावें आणि गांवच्या कसबी माणसांजवळ बसून हातानें काम शिकावें, असें तें कलम. उदाहरणादाखल तेथें सुतार, माळी, कुंभार व कलावंत यांचीं नांवें घातलीं आहेत. पुढें ‘इत्यादि’ आहे. आमचा चांभार त्या इत्यादींत बसला आहे. गांवांत वेशीबाहेर, कागदावर इत्यादींत!

आम्ही शाळामास्तर. गिरणाकांठच्या एका गांवीं हें कलम अमलांत आणण्याची खटपट आम्हीं व आमच्या सोबत्यांनीं केली. मुलांस सुताराकडे नेलें, कोणी चकार शब्द काढला नाहीं. कुंभाराच्या चाकावर बसविलें, आयाबायांनीं कौतुक केलें. तिसरी पाळी चांभाराची असें म्हणतांच मात्र पारावर सभा भरली. “गुरुजी, आमना पोरेसले शाळामा कातडं घासाले धाडेल शे का?” असा सवाल आला. सवाल करणारे कोणी पंचांगवाले भटजी नव्हते. कुणबी, माळी, तेली, साळी, सुतार असे आपणच सगळे होतों. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या हातचें पाणी भटजींस चालत नव्हतें, त्यांचेच हे नातू-पणतू!

बरें, ‘कातडं घासणें’ म्हणजे काय, हें त्या सभेंत कोणास ठाऊक होतें? सवाल करणारास तो शब्द शिवीसारखा वाटला. आम्हांला विचाराल तर चांभाराच्या साऱ्या कसबांत हें घासणेंच अवघड, आणि याचीच मजुरी कोणी देत नाहीं. म्हणून तें नीट सांगितलें पाहिजे.

पट्टा रापीनें कापला म्हणजे त्याची कड विटेसारखी चौकोनी राहते. कातड्याची केंसांकडची बाजू घट्ट विणीची असते, ती पाणी त्या मानानें कमी आंत घेते. पण कापल्या कडेला आंतले तंतू उघडे पडतात, कडब्याच्या पेंढीचीं बुडखीं दिसावींत तसे. तेथून पाणी शिरतें, बैलाचा घाम शिरतो, आमच्या काळ्या जमिनीचा चिखल शिरतो. मग वर ऊन पडलें कीं कड कडक होते, तडकते, आणि एकदां पडलेली चीर आंत आंत धांवत जाते. पट्टा मधोमध सहसा फाटत नाहीं, तो कडेपासून फाटतो. ज्यानें बैलाचा पट्टा तुटलेला पाहिला आहे त्यानें आठवून पाहावें.

म्हणून जाणता चांभार कड तशीच सोडीत नाहीं. कातडें किंचित् ओलसर पाहिजे. निथळतें असेल तर रापीखालीं दबतें, कोरडें असेल तर रापी अडखळते. रापी तिरपी धरून तो वरचा कोन एका दमांत उतरवतो. मध्येंच हात थांबला कीं तेथें पायरी पडते, आणि ती पायरी मागाहून कितीही घासली तरी डोळ्याला दिसतेच. मग पट्टा उलटून खालचा कोन. मग फुटक्या काचेच्या तुकड्यानें खरडून कड सारखी करावयाची. त्यावर पाणी किंवा चिंचोक्याची पातळ खळ बोटानें लावावयाची आणि शिंगाच्या, हाडाच्या नाहींतर कठीण लांकडाच्या गुळगुळीत तुकड्यानें घासावयाची, घासावयाची आणि घासावयाची. घासण्यानें ऊब येते, उभे राहिलेले तंतू आडवे निजतात, एकमेकांस धरतात, आणि कड चिंचोक्यासारखी काळसर तुकतुकीत होते. शेवटीं मेणाचा हात. अशा कडेवरून अंगठा फिरवला तर वरची बाजू कोठें संपली व खालची कोठें सुरू झाली हें कळत नाहीं.

हें सारें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेल्या कातड्याचें. क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें कारखानी कातडें मऊ असतें, लवकर तयार होतें, पण त्याची कड अशी घासून निजत नाहीं. ती दुमडावी लागते, नाहींतर रंगानें झांकावी लागते. चांगला रंग चढवणें हेंही एक कसबच आहे, त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण हल्लीं बाजारांत न तासल्या, न घासल्या कडेवर नुसता रंग थापलेले पट्टे ढिगानें येतात, आणि आमचेही कांहीं चांभार बांधव तेंच करूं लागले आहेत. असला पट्टा दोनदां वांकवून पाहा, रंगाला भेगा पडतात. हें वाईट काम आहे, असें आम्हीं त्यांना तोंडावर सांगितलें. त्यांनीं उलट विचारलें, “गुरुजी, घासायचे पैसे कोण देतो?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर द्यावयाचें तें शेतकऱ्यानें. जुवाखालीं बैलाच्या गळ्याशीं येणारें जोतें, पोळ्याला बांधतो तो घुंगरांचा पट्टा, आपल्या पायांतली वहाण, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेस सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेंत घोड्यासाठीं घेतात तो तंग, या सगळ्यांची कडच कातडीला लागते. (सारंगखेडें १९९८ पर्यंत आपल्या धुळें जिल्ह्यांत होतें, आतां तें नंदुरबारांत गेलें. यात्रा मात्र साऱ्या खानदेशची.) चौकोनी कड चालत्या जनावराच्या मानेवर करवतीसारखी फिरते. आधीं केंस जातात, मग कातडी सोलते, मग माशी बसते. कड घासण्याचे दाम वांचवले ते औषधाला गेले, वर ऐन पाळीच्या दिवसांत बैल गोठ्यांत उभा. पुष्कळांनीं याला कंटाळून नायलॉनची दोरी घेतली. ती तर याहूनही वाईट कापते. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आला त्यांचा प्रश्न मिटला म्हणा, पण कोरडवाहू दोन-चार एकरांच्या धन्याचा अजून मिटलेला नाहीं.

आणि पोळ्याआधींच्या बाजारांत आपण काय करतों? पट्टा हातांत घेतों, लांबी पाहतों, जाडी पाहतों, आणि म्हणतों, “दोन टाक्यांचे इतके पैसे?” चौकोनी कडेच्या आणि घासल्या कडेच्या पट्ट्याला कातडें सारखेंच लागतें. जास्त लागतो तो वेळ आणि हात. तो आपल्या हिशेबांत येतच नाहीं. हाच शेतकरी सरकाराला सांगतो कीं कापसाच्या भावांत माझ्या घरच्या माणसांचा घाम धरा. मागणी रास्त आहे, आम्ही तिच्या बाजूनें सभांना गेलों आहों. पण जो हिशेब आपण दिल्लीकडे मागतों, तो चांभाराच्या दुकानीं कां विसरतों? व्यापारी आपल्याला जसें वागवतो, तसेंच आपण चांभाराला वागवतों, आणि वर त्याला अरे-तुरे करतों. शेंबडें पोर सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला ‘ए’ म्हणून हांक मारतें आणि बाप शेजारीं उभा राहून ऐकतो!

कोणी म्हणेल, व्यवहाराचें ठीक, पण कातडें म्हणजे मेल्या जनावराचें, त्याचा विटाळ आहेच. त्यांस आम्ही विचारतों कीं मुंजींत बटूला जें मृगाजिन देतात तें काय झाडाला लागतें? तुमच्याच देवळांत एकादशीला जो मृदंग वाजतो, त्याची पुडी कशाची, त्याच्या वाद्या कशाच्या? तबल्याच्या पुडीला कांठाशीं जी किनार असते, ती नीट कापली नसेल तर नाद फुटका येतो. म्हणजे तुमच्या भजनाचा सूरसुद्धां कातड्याच्या कडेवर उभा आहे. शंकराचें व्याघ्रांबर तर सोडूनच द्या. कातडें ब्राह्मणाच्या बुडाखालीं पवित्र, देवापुढें पवित्र, आणि तें ज्यानें कमावलें, कापलें, घासलें त्याच्या हातांत मात्र अपवित्र! हा विटाळ कातड्याचा नाहीं, राबणाऱ्या हाताचा आहे. ही विद्या पोथीवाल्यांनीं शोधली खरी, पण आज ती पाठ म्हणतो आहे कुणबी. जोतीरावांनीं १८८३ सालीं आपला ग्रंथ लिहिला, त्याचें नांव ‘शेतकऱ्याचा असूड’. जयंतीला त्याचें नांव घेऊन आपण टाळ्या पिटतों. असुडाची वादी कापणारा व वळणारा कोण, हें कोणी विचारीत नाहीं.

सन २०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं प्रादा नामक श्रीमंत कंपनीनें आपल्या प्रदर्शनांत कोल्हापुरी वहाणेसारख्या वहाणा मांडल्या, आणि प्रथम कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. महाराष्ट्रांत ओरड झाली तेव्हां मूळ कबूल केलें. त्या वहाणेला महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांपुरतें भौगोलिक मानांकन आहे, त्यांत आपला खानदेश नाहीं. तरी त्या आठवड्यांत आमच्या पारावर मोबाईल हातांत घेऊन ‘आमची कला चोरली’ म्हणून सगळ्यांत मोठ्यानें ओरडणारे जे होते, तेच या सभेंत ‘पोरांना चांभाराकडे नेऊं नका’ म्हणत होते. कला तुमची, मग कलावंत कोणाचा?

सरकारनेंही १७ सप्टेंबर २०२३ पासून विश्वकर्मा योजना काढली आहे. अठरा धंद्यांत चांभाराचा धंदा आहे, हत्यारांसाठीं पंधरा हजार रुपये आहेत. ज्यांना मिळाले त्यांनीं घ्यावे. पण नवी रापी आली म्हणून कडेची पारख करणारें गिऱ्हाईक कोठून येणार? तें शाळेंतूनच तयार झालें पाहिजे. सगळींच मुलें चांभार होणार नाहींत, व्हावींत असेंही नाहीं. पण ज्या मुलानें एकदां अर्धा तास बसून वीतभर कड घासली आणि तरी ती नीट झाली नाहीं, तें मोठेपणीं बाजारांत ‘दोन टाक्यांचे इतके?’ असें विचारणार नाहीं.

सर्वांत कठीण गोष्ट पुढेंच आहे. पारावरची सभा जिरवून आम्ही त्या म्हाताऱ्या चांभार काकांच्या घरीं गेलों, तर त्यांनींच नकार दिला. म्हणाले, “मास्तर, माझा नातू तुमच्याच वर्गांत आहे. पोरं इथं येऊन मला काम करतांना बघतील आणि उद्यां त्याला चिडवतील. त्याला इंजिनिअर व्हायचंय.” त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. ज्या मुलाला त्याच्या जातीचा धंदा शाळेंत दाखवला जातो, त्याला शिक्षण मिळत नाहीं, डाग मिळतो. चांभाराच्या पोरानें चांभारकीच करावी, असें म्हणणारा कोणीही असो, तो आमचा नव्हे. त्या नातवानें इंजिनिअर व्हावें आणि पाटलाच्या नातवाला कड घासतां यावी.

तेव्हां आम्हीं असें ठरविलें आहे. मुलें त्यांच्या घरीं जाणार नाहींत, काका शाळेंत येतील. खुर्ची मिळेल, ‘गुरुजी’ म्हणून हांक मारली जाईल, आणि बाहेरच्या पाहुण्या शिक्षकास देतों तितकें मानधन रोख दिलें जाईल. पहिला पट्टा आम्ही मास्तर मंडळी मुलांदेखत घासूं. नंतर पटावरच्या क्रमानें प्रत्येक मूल, कोणाचेंही असो. काकांनीं विचार करून कळवितों म्हटलें आहे. दरम्यान गांवोगांवच्या वाचकांस विनंति कीं घरांत तुटके पट्टे, जुनीं जोतीं, बैलाच्या कामांतून गेलेल्या वाद्या पडल्या असतील त्या आपल्या गांवच्या शाळेंत आणून द्याव्या. काचेचे तुकडे आणूं नयेत, तेवढे आम्ही जमवूं. चिंचोके मात्र चालतील.