वाट कोणी राखायची?



जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या शनिवार-रविवारात काही वर्षांनी एक बदल होतो. राजवाडे पाहायची हौस फिटते, भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नॉयश्वानस्टाइन दाखवून कंटाळा येतो, आणि मग घराजवळच्या जंगलातल्या पायवाटा सापडतात. झाडाच्या खोडावर रंगवलेली खूण, फाट्यावर अंतर लिहिलेली पाटी, ओढ्यावर लाकडी साकव. नकाशा न उघडता पंधरा किलोमीटर चालून माणूस संध्याकाळी घरी परततो. या सगळ्यामागे कोण आहे असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘आपण एवढा कर भरतो, त्यातून सरकार करत असणार.’

सरकार त्यातले फार थोडे करते. जर्मनीतल्या पायवाटांपैकी सुमारे दोन लाख किलोमीटर वाटांच्या खुणा पदभ्रमण संस्थांचे बिनपगारी कार्यकर्ते सांभाळतात. या संस्थांचा महासंघ, डॉयचर वांडरफरबांड, १८८३ साली स्थापन झाला. त्यातली सर्वांत जुनी संस्था श्वार्त्सवाल्डफराइन, १८६४ सालची. तिने १९०० साली फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंतची वेस्टवेग ही २८५ किलोमीटरची वाट आखली. तिची खूण लाल शंकरपाळ्याच्या आकाराची, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ती ताज्या रंगात दिसते. ती ताजी दिसते याचे कारण म्हणजे वाटेच्या प्रत्येक तुकड्याला एक ठरलेला माणूस आहे. त्याला वेगेवार्ट म्हणतात. आपण वाटराख्या म्हणू. हा बहुधा निवृत्त शिक्षक, मेकॅनिक किंवा पोस्टातला माणूस. वर्षातून निदान एकदा आपला तुकडा तो पायी तपासतो, खुणेवर आलेल्या फांद्या छाटतो, फिकट रंग पुन्हा देतो, पडलेल्या झाडाची आणि कुजलेल्या फळीची खबर योग्य ठिकाणी पोहोचवतो. योग्य ठिकाण कोणते हे त्याला माहीत असते, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

या वाटा ज्या जंगलातून जातात त्यातले जवळपास निम्मे जंगल खाजगी मालकीचे आहे. तरीही कुणी आपल्याला अडवत नाही, कारण १९७५ च्या संघीय वन कायद्याच्या कलम १४ ने विरंगुळ्यासाठी जंगलात फिरण्याची मुभा प्रत्येकाला दिली आहे. बव्हेरियाने तर १९४६ च्या आपल्या राज्यघटनेतच कलम १४१ घालून हा हक्क नोंदवला, आणि डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा खुल्या ठेवणे हे राज्याचे आणि ग्रामपालिकांचे कर्तव्य ठरवले. पण वन कायद्याच्या त्याच कलमात पुढे एक अट आहे: ही मुभा स्वतःच्या जोखमीवर आहे.

जोखीम म्हणजे काय, हे एका दुर्दैवी प्रकरणात पक्के झाले. जुलै २००६ मध्ये झारलांडमधल्या डिलिंगन इथे जंगलवाटेने चालणाऱ्या एका स्त्रीच्या डोक्यावर ओकची मोठी फांदी कोसळली. मेंदूला गंभीर इजा झाली. तिने जंगलमालकावर दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, वरच्या न्यायालयाने उचलून धरला, आणि २ ऑक्टोबर २०१२ रोजी संघीय सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अखेर तिच्या विरोधात निकाल दिला. वाट कितीही वर्दळीची असली तरी जंगलाच्या स्वभावातल्या धोक्यांसाठी मालक जबाबदार नाही. ज्याला आपल्या जमिनीवर लोकांना फुकट येऊ द्यावे लागते त्याच्यावर प्रत्येक झाड तपासण्याचे ओझे टाकता येणार नाही, असा त्यामागचा विचार.

निकाल निष्ठुर वाटतो. त्या स्त्रीच्या जागी आपल्या घरातले माणूस ठेवून पाहिले तर अधिकच. पण उलट निकाल लागला असता तर काय झाले असते? विम्याच्या धास्तीने मालकांनी वाटा बंद केल्या असत्या, किंवा वाटेच्या दोन्ही बाजूंची जुनी झाडे सरसकट तोडली असती. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि तो योग्य वाटण्याचे कारण त्याला असलेली दुसरी बाजू आहे. माणसाने उभारलेल्या गोष्टींना ही सूट नाही. पूल, कठडा, जिना, बाक, वाटेला आडवी घातलेली साखळी, रचलेले ओंडके, यांच्यापासून होणाऱ्या धोक्याची जबाबदारी ज्याने ते उभारले किंवा ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्यावर राहते. यासाठी जर्मन भाषेने ‘फेरकेअर्सझिषरुंग्सप्फ्लिष्ट’ असा एक शब्द घडवला आहे. तो एका दमात म्हणणाऱ्याला नागरिकत्व द्यायला हरकत नाही. शब्द अवघड असला तरी अर्थ सरळ आहे. फांदीची जोखीम चालणाऱ्याची, पुलाची जोखीम पूलवाल्याची, आणि खुणेची काळजी वाटराख्याची.

आता हीच चौकट मनात ठेवून महाराष्ट्राकडे पाहू. १५ जून २०२५, रविवार. मावळ तालुक्यात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल सहलीला आलेल्या गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी लावलेली होती. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे धोका माहीत नव्हता असे कुणालाच म्हणता येणार नव्हते, तरी पूल उघडाच होता. दुसऱ्या दिवसापासून चर्चा झाली ती पर्यटकांच्या बेशिस्तीची. बेशिस्त होती, नाही असे नाही. पण पाटी लावली की जबाबदारी संपते, ही समजूत त्या बेशिस्तीहून जुनी आहे. त्याआधीच्या वर्षी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघाले. पाटी आणि मनाई यांपलीकडे तिसरे काही हत्यार आपल्या प्रशासनाकडे दिसत नाही.

याचे मूळ मला आपल्या कायद्यात दिसते. १९२७ चा भारतीय वन कायदा इंग्रजांनी लाकूड राखण्यासाठी केला, आणि त्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आगंतुकपणे शिरणे हाच गुन्हा आहे. जिथे चालण्याचा हक्कच नाही, तिथे वाट नीट ठेवण्याचे कर्तव्य कुणाला चिकटणार? वनखात्याच्या दृष्टीने ट्रेकर हा दुर्लक्षिलेला घुसखोर असतो. अपघात झाला की त्याची आठवण होते. गडाच्या पायथ्याशी ग्रामपंचायत, उतारावर वनखाते, माथ्यावर पुरातत्त्व खाते, आणि या तिघांच्या मधली निसरडी वाट कुणाचीच नाही. दर रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जाणाऱ्या तरुणांचे कौतुक सगळेच करतात, परंतु संरक्षित स्मारकात ढासळलेली पायरी परवानगीशिवाय बसवायचा त्यांना अधिकार नाही. त्या नियमाला कारणही आहे, वाटेल त्याने सिमेंट थापू नये हे बरोबरच. पण परवानगी लवकर देणारा आणि कामावर देखरेख करणारा कुणी हवा ना? जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी वाढणार, वाटा मात्र त्याच.

दिशा आपल्याच एका कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तो २००९ मध्ये मिळवून दाखवला. सह्याद्रीतल्या वाटा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारताना तुडवल्या, त्या ठाकर-महादेव कोळी वस्त्यांतल्या माणसांनाच वाटराखे नेमून, प्रवेशशुल्कातून त्यांना रीतसर वेतन का देऊ नये? इथला निवृत्त शिक्षक पेन्शनच्या आधारावर फुकट काम करू शकतो. तिथल्या शेतमजुराकडून श्रमदानाची अपेक्षा करणे म्हणजे वेठबिगारीला गोड नाव देणे होईल.

पण तिकडचे सल्ले देताना इकडचे आपले काय? पदभ्रमण संस्थांचे सदस्य म्हातारे होत आहेत, आणि वाटराख्याची जागा रिकामी झाली की ती भरायला कुणी पुढे येत नाही. आपण वाटांवर भरपूर दिसतो, सदस्यांच्या यादीत क्वचित. काही मित्र म्हणतात, या संस्था म्हणजे जुन्या गोऱ्या पुरुषांचे क्लब. आक्षेप पोकळ नाही. १९२४ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन संघाने ज्यू सदस्यांची डोनाउलांड ही शाखाच बाहेर काढली होती, हिटलर सत्तेवर येण्याच्या नऊ वर्षे आधी. पण याच इतिहासात नाटुअरफ्रॉइंडे ही समाजवादी कामगारांची चळवळही आहे. ती १८९५ मध्ये व्हिएन्नात सुरू झाली. ‘बेर्ग फ्राय’, डोंगर मोकळा, हे तिचे अभिवादन. मालकाच्या कुंपणाबाहेर निसर्गावर कामगाराचाही हक्क आहे असे तिने म्हटले, स्वतःच्या हातांनी विश्रामगृहे बांधली, आणि म्हणूनच १९३३ मध्ये नाझींनी जर्मनीत तिच्यावर बंदी घातली. आज तिच्या शाखा गावोगाव आहेत. ज्याला त्या पहिल्या इतिहासाचे वावडे आहे त्याने या दुसऱ्याकडे जावे. आणि एकात्मतेवरची परिसंवाद-चर्चासत्रे आपण पुष्कळ ऐकली; एखाद्या वृद्ध शेजाऱ्याबरोबर सहा किलोमीटर रंगाचा डबा घेऊन चालणे ही मला त्यांच्याहून अधिक उपयोगी गोष्ट वाटते.

हिवाळ्यातली वादळे सरली की वसंतात वाटांच्या पाहणीला जोर येतो. तुमच्या गावातल्या शाखेला, म्हणजे ओर्ट्सग्रुपेला, त्याआधीच एक पत्र टाका. पत्ता राटहाउसमध्ये मिळेल. सुरुवातीला जुन्या वाटराख्याबरोबर जायचे, नंतर आपला तुकडा आपल्याकडे. जर्मन फार चांगली असायला हवी असे नाही. छाटणीची कात्री, ब्रश आणि पावसाळी बूट पुरतात. मुलांना बरोबर न्या, त्यांना रंगवायला आवडते.