टिप किती, आणि कुणाच्या हातात?

कॉलेज सुटल्यावर चार-पाच जण हॉटेलात बसलो की बिल आल्यावरची दोन मिनिटं फार गमतीची असतात. कुणी मसाला डोसा खाल्ला, कुणी नुसती बाय-टू कॉफी घेतली, कुणाचे मागचे साठ रुपये कुणाकडं राहिलेत, सगळा हिशेब पैशापैशाला जुळवला जातो. मग एकजण काउंटरवरचा कोड स्कॅन करतो, बाकीचे त्याला आपापला वाटा पाठवतात आणि आपण उठतो. एवढ्या सगळ्या हिशेबात तीनदा सांबार आणून देणाऱ्याचं नाव निघत नाही. चुकून निघालंच तर एकजण विचारतो, "टिप द्यायची काय रे?" आणि दुसरा म्हणतो, "बिलात असेल की."

बिलात नसते. आणि असली, तर ती टिप नसते.

हे आधी नीट समजून घेऊ, कारण आपल्यातले बरेच जण इथंच फसतात. बिलात खाली दोन-तीन ओळी असतात. सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. मिळून पाच टक्के होतात, ते सरकारचे. तो कर आहे, त्यातला एक रुपयाही वेटरला जात नाही. काही मोठ्या रेस्टॉरंटांत याच्या वर आणखी एक ओळ असते, 'सर्व्हिस चार्ज', पाच किंवा दहा टक्के. ही ओळ मालकाची. ती वेटरपर्यंत पोचते की नाही, पोचली तर किती, हे त्या बिलावरून कळायला काही मार्ग नाही.

या ओळीवरून बरीच वर्षं भांडण चाललंय. २०१७ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं सांगितलं की हा चार्ज ऐच्छिक आहे. फारसं कुणी ऐकलं नाही. मग ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानं लावायचा नाही, देत नाही म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवायचं नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि शेवटी २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा बिलात ती ओळ दिसली तर "हे काढा" म्हणायचा आपल्याला अधिकार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण एक लक्षात असू दे. ती ओळ काढायला लावून वाचलेले पैसे खिशात घालून निघून जायचं असेल, तर आपण वेटरसाठी नाही, स्वतःसाठी भांडलो. ते पैसे काढा, आणि त्यातले त्याच्या हातात द्या. मग भांडणाला अर्थ.

आता शब्दाकडं येतो, आपलं वाङ्मय मंडळ आहे म्हटल्यावर तेवढं पाहिजेच. मराठीत टिपसाठी शब्द कमी नाहीत. बक्षीस आहे, फारसीतून आलेलं. इनाम आहे, अरबीतून आलेलं. कन्नडमध्येही तेच 'इनामु' होऊन बसलंय. दिवाळीला देतात ती पोस्त. आणि मग चिरीमिरी, चहापाणी, ज्यांचा अर्थ कचेरीच्या पायऱ्या चढून एकदा लाच झाला तो झालाच. आता वेटरला "हे चहापाण्याला" म्हणून दिलं तर आपल्यालाच कसंतरी वाटतं. या सगळ्या शब्दांत देणारा वर बसलाय आणि घेणारा खाली उभा आहे. खूश झालो म्हणून दिलं, नाही झालो तर नाही. मला वाटतं इंग्रजीतला 'टिप' हा कोरडा, बिनवजनाचा शब्द आपण उचलला तो यासाठीच असावा. पण शब्द बदलला तरी मनातली बैठक तीच राहिली. अजूनही आपण टिप 'खुशीची' समजतो, आणि म्हणून ती आपल्या मूडवर ठरते. मैत्रिणीबरोबर गेलो तर शंभर, दोस्तांबरोबर गेलो तर शून्य. वेटरनं काम दोन्ही वेळा तेवढंच केलेलं असतं.

मूडवर नको, तर मग कशावर ठरवायची? बाहेरदेशी शिकायला गेलेले आपले दादा-ताई सुट्टीला आले की टक्क्यांची गोष्ट सांगतात. अमेरिकेत म्हणे अठरा-वीस टक्के ठेवावेच लागतात. बरोबर आहे, पण त्यामागचं कारण ते सांगत नाहीत. तिथं संघराज्याच्या कायद्यानं टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला २.१३ डॉलर एवढाच पगार दिला तरी चालतो, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. साधारण किमान वेतन ७.२५ डॉलर आहे. मधली दरी गिऱ्हाइकाच्या टिपेनं भरायची, नाही भरली तर मालकानं, असा हिशेब. काही राज्यांनी आपले वेगळे, जास्तीचे दर ठेवलेत, पण मूळ रचना ही आहे. म्हणजे तिथली टिप हा पगारच आहे, फक्त तो गिऱ्हाईक देतो. आपल्याकडं किमान वेतनातून टिप वजा करायची अशी सवलत मालकाला नाही. त्यामुळं तिथला टक्का उचलून इथं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घालणं.

शिवाय टक्क्याचं मापच मला खोटं वाटतं. आपल्या बेळगावातलीच दोन ठिकाणं घ्या. एक भाकरीची खानावळ. ताट समजा दीडशेचं, चौघांचे सहाशे. वाढपी गरम भाकरी आणतो, वांग्याची भाजी वाढतो, चटणी, मग परत भाकरी, "अजून एक घ्या की ओ" म्हणून आग्रह, मग भात, आमटी, ताक. एका टेबलाला त्याच्या वीसेक फेऱ्या होतात. दुसरं ठिकाण एसी फॅमिली रेस्टॉरंट. पनीरच्या दोन भाज्या, नान, बिर्याणी, बिल अठराशे. वेटर पाच-सहा वेळा आला. दहा टक्क्यांनी हिशेब केला तर वीस फेऱ्यांचे साठ रुपये आणि सहा फेऱ्यांचे एकशे ऐंशी. हा कुठला न्याय? आणि प्रत्यक्षात तर खानावळीत आपण ते साठही देत नाही, कारण 'खानावळीत कोण टिप देतं?'

चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलात तर हेच आणखी ठळक दिसतं. मेन्यूकार्डावर माशापुढं किंमत नसते, 'बाजारभाव' लिहिलेलं असतं. सुरमईचा भाव वाढला म्हणून ती टेबलावर आणायचं काम वाढलं का? आणि ती आणून देणारा पोरगा पुष्कळदा ओडिशाचा, झारखंडचा नाहीतर नेपाळचा असतो. सीझन आहे तोवर इथं, पाऊस लागला की गर्दी ओसरते आणि त्याची कमाईही. मासा स्वस्त निघाला म्हणून त्याची टिप कमी करायची, हे मला तरी पटत नाही.

म्हणून माझं माप सोपं आहे: प्लेटची किंमत बघायची नाही, माणसाची फेरी बघायची. खानावळ किंवा थाळी, जिथं कुणीतरी सतत उभं राहून वाढतंय, तिथं माणशी वीस रुपये. उडुपी हॉटेलात, जिथं ऑर्डर घेतात आणि आणून देतात, तिथं माणशी दहा. एसी रेस्टॉरंटमध्ये तासभर टेबल अडवून, फोटो काढून, तीनदा पाणी मागून बसलो असू तर कराआधीच्या रकमेवर पाच ते दहा टक्के, पण त्यातही फेऱ्या बघून. जिथं आपणच काउंटरवर जाऊन टोकन देतो, उभ्यानं इडली खातो आणि ताट ठेवून येतो, तिथं काही नाही दिलं तरी चालतं. हे दर काही शास्त्रात लिहिलेले नाहीत. तुमचे वेगळे असू शकतील. पण आत शिरायच्या आधी ठरलेले असावेत एवढंच. खिशात दोनशेच असतील तर एकशे ऐंशीचं खायचं. दोनशेचं खाऊन "आज सुट्टे नाहीत" म्हणायचं नाही.

सुट्ट्यांवरून आठवलं. टिप आपण मनातून कधी बंद केलीच नाही, ती फोननं बंद केली. पूर्वी बिल तीनशे सत्तर झालं की पाचशेची नोट जायची आणि त्या काळ्या पाकिटातून बडीशेपेबरोबर एकशे तीस परत यायचे. हुशार वेटर शंभराची नोट कधी आणायचा नाही. पन्नास, वीस, दहा-दहा अशी मोड करून आणायचा. त्यातले वीस-तीस मागं राहायचे. कुणी ठरवून देत नव्हतं, पैसे आपोआप राहायचे. आता यूपीआयनं तीनशे सत्तरचे बरोबर तीनशे सत्तर जातात, तेही थेट मालकाच्या खात्यात. मोडच येत नाही, तर मागं काय राहणार? कोडवर वीस रुपये जास्त टाकले तरी ते मालकाच्या हिशेबात मिसळतात. काही वेटर आता हळूच आपला स्वतःचा कोड दाखवतात. आपल्याला ते भीक मागितल्यासारखं वाटतं, मला नाही वाटत. त्याचे पैसे जिथून यायचे ती वाट बंद झाली, त्यानं दुसरी काढली.

अ‍ॅपवाल्यांनी तर वेगळंच काढलंय. टॅक्सी यायच्या आधीच टिप कबूल करा, मग गाडी लवकर मिळेल. २०२५ च्या मे महिन्यात ग्राहक प्राधिकरणानं त्यावरून एका कंपनीला नोटीसही काढली. सेवेच्या आधी जे मागतात ती टिप नव्हे, ती बोली.

आता खरा आक्षेप. आमच्या मंडळातच एक-दोघे जोरात म्हणतात, की टिप देणं म्हणजे मालकाला कमी पगार द्यायला मोकळीक देणं. पगार वाढवा, टिप बंद करा. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण करून बघितलेल्यांचं काय झालं तेही बघू. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर या मोठ्या रेस्टॉरंटवाल्यानं २०१५ मध्ये टिप बंद करायची घोषणा केली, पदार्थांचे दर वाढवले, त्यातून स्वयंपाकघरातल्या लोकांनाही बरा पगार देता येईल असं सांगितलं. २०२० मध्ये त्याला टिप परत सुरू करावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाला जे टिकवता आलं नाही ते खडेबाजारातला हॉटेलवाला आपण टिप दिली नाही म्हणून उद्या करेल, असं समजण्यात अर्थ नाही. आपण टिप थांबवली तर मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. कळतं फक्त त्या पोराला. पगारासाठी बोलायचं असेल तर जरूर बोला, मालकाशी बोला, पण तोवर वेटरचे दहा रुपये तत्त्वाच्या नावावर रोखून धरू नका.

आणि हा 'पोरगा' म्हणजे कोण, हे आपण विसरतो. लग्नसराईत आपल्याच कॉलेजातली मुलं रोजावर केटरिंगला जातात. माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा एकजण जातो. सकाळी लेक्चरला, संध्याकाळी मंगल कार्यालयात पांढरा शर्ट घालून जिलेबीचं ताट घेऊन. त्याला मी विचारलं, टिप मिळते का रे? म्हणाला, "पंगतीत कोण देतंय? पण हॉटेलात होतो तेव्हा मिळायची. रात्री सगळ्यांची एका डब्यात टाकायची आणि वाटून घ्यायची. कपबश्या विसळणाऱ्यालाही वाटा." मग थांबून म्हणाला, "काही हॉटेलांत तो डबा मालकच उचलतो, बरं का." म्हणून काउंटरवर 'टिप बॉक्स' दिसला तरी मी आधी वेटरला विचारतो, "हे तुम्हाला मिळतं काय?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडावर लगेच दिसतं. मिळत असेल तर डब्यात टाकणंच बरं, कारण तव्यापुढं घामाघूम होऊन डोसे काढणारा माणूस आपल्या टेबलापर्यंत कधी येत नाही, आणि डोसा तर त्याचाच असतो.

राहिला प्रश्न वाईट सेवेचा. जेवण उशिरा आलं, भाजी खारट निघाली, पंखा चालत नव्हता, यातलं काहीच वेटरच्या हातात नसतं. त्याची शिक्षा त्याच्या टिपेतून वसूल करू नका. काउंटरवर जाऊन मालकाला सांगा. वेटर उद्धट बोलला, मुद्दाम दुर्लक्ष केलं, तर मात्र काही देऊ नका, आणि त्यासाठी मनाला लावूनही घेऊ नका. पाच रुपये ठेवून अपमान करायचा प्रकार असतो, तो मात्र नको. त्यापेक्षा शून्य बरं.

तेव्हा पाकिटात चार-पाच दहाच्या नोटा वेगळ्या ठेवायला लागा. नोटा मिळत नसतील तर दहाची नाणी ठेवा. आपल्याकडं दहाचं नाणं घ्यायला अजूनही दुकानदार कां कू करतात. रिझर्व्ह बँकेनं कितीदा सांगितलं की ती सगळी चालतात, तरी. काउंटरवाला घेत नसेल. वेटर घेतो, मी देऊन बघितलंय.