छज्जा काढा, एसी लावा!

अमेरिकेत वस्तू मोडली की फेकतात, हे भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला सांगतो. काहीजण नाक मुरडून सांगतात, काहीजण कौतुकाने. मला राग येतो तो कौतुकवाल्यांचा. फेकणे हे श्रीमंतीचे लक्षण आणि दुरुस्ती हे गरिबीचे, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. हा लेख त्यांच्यासाठी. विषय तसा किरकोळ आहे: खिडकीवरचा पत्र्याचा छज्जा.

पिट्सबर्गच्या जुन्या वस्त्यांत चक्कर मारलीत तर विटांच्या घरांवर अ‍ॅल्युमिनियमचे पट्ट्यापट्ट्यांचे छज्जे दिसतील. इकडे त्यांना 'ऑनिंग' म्हणतात. मुंबईकरांना 'वेदर शेड' म्हटले की लगेच कळेल. हे शहर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे माहेर. पुढे अल्कोआ नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी १८८८ साली इथेच सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अमेरिकेने या धातूचे उत्पादन प्रचंड वाढवले, आणि १९४५ नंतर त्या मालाला नवे गिऱ्हाईक हवे होते. ते घराघरांत सापडले: खिडक्यांच्या चौकटी, भिंतींवरचे पत्रे आणि हे छज्जे. मग घरोघरी एसी आले आणि छज्जा 'आजीच्या काळचा' ठरला.

माझ्या घराला असे चार छज्जे आहेत. दोन खिळखिळे झाले होते, रंग पार उडाला होता. ठेकेदाराने खालूनच मान वर करून पाहिले आणि निकाल दिला, "काढून टाका. हल्ली हे कोणी दुरुस्त करत नाही." शिडीवर चढण्याचीही तसदी नाही!

आता बिघाड काय होता ते पहा. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. म्हणून अनेक दशके ऊनपाऊस आणि बर्फ खाऊनही पत्रा शाबूत होता. गंजले होते ते पोलादी स्क्रू. ओल्या सांध्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की स्क्रूभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम झिजते, भोक मोठे होते आणि छज्जा वाऱ्यावर खडखडू लागतो. उपाय काय? स्क्रू काढा, अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट मारा, आणि स्क्रू लागेलच तिथे स्टेनलेस स्टीलचा, खाली नायलॉनचा वॉशर. भिंतीतले सैल बोल्ट नव्याने बसवा. पत्रा धुवा, प्रायमर द्या, रंगवा. (१९७८ च्या आधीच्या घरातला जुना रंग घासण्यापूर्वी त्यात शिसे आहे का ते तपासा. ही चेष्टा नाही.) शेजारच्या निवृत्त फिटर काकांच्या मदतीने हे काम दोन शनिवारांत झाले.

मग ठेकेदार खोटे बोलला का? नाही. त्याच्या हिशेबाने तो बरोबरच होता. इथे मजुरी महाग. दोन दिवस रिव्हेट मारत बसण्यापेक्षा अर्ध्या तासात छज्जा उखडणे त्याला परवडते. पण तो त्याचा हिशेब झाला, घरमालकाचा नव्हे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकडेवारीनुसार उन्हाळ्यात खिडकीतून आत येणारी सूर्याची उष्णता छज्जामुळे दक्षिणेकडे ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेकडे ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते. छज्जा गेला की तीच उष्णता आत येते आणि बाहेर हाकलण्यासाठी एसीचे बिल दर उन्हाळ्यात आपण भरतो. ठेकेदाराच्या कागदावर हा आकडा कुठेच नसतो.

"पण जुना पत्रा भंगारात जाऊन पुन्हा वापरात येतोच की!" असे कोणी म्हणेल. येतो. खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढण्याच्या मानाने भंगार वितळवायला सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, हेही खरे. पण जागेवरच्या पत्र्याला दहा-बारा रिव्हेट मारायला किती लागते? हिवाळ्यातले थोडे ऊन छज्जा अडवतो, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तरीही काय ठेवायचे ते खिडकीची दिशा पाहून ठरवावे, फॅशन पाहून नव्हे.

आणि ज्या अमेरिकेचे दाखले तुम्ही देता, तिथल्याच नॅशनल पार्क सर्व्हिसने ऐतिहासिक इमारतींवरच्या ऑनिंगविषयी २००४ साली एक अख्खी पुस्तिका काढली आहे. त्यात दुरुस्तीचाही विचार आहे. म्हणजे हा देशसुद्धा एकमुखाने 'फेका' म्हणत नाही. तुम्ही त्यातले फक्त फेकणे उचलता!

आपल्याकडे कोकणातली पडवी, वाड्याच्या पुढे आलेल्या वळचणी, खिडकीवरचा साधा छज्जा, हे सारे उन्हापावसाचा हिशेब करूनच आले होते. आता हिंजवडीच्या काचेच्या इमारती पहा. आधी ऊन आत घ्यायचे, मग पडदे ओढून दिवे लावायचे आणि एसी चालवायचा. याला आपण 'अगदी फॉरेनसारखे' म्हणतो. कल्हईवाला गेला तेव्हा आपल्याला काही वाटले नाही. उद्या छज्जाला रिव्हेट मारणारा पत्रेवाला जाईल. त्यानंतर दुरुस्ती करायची इच्छा झाली तरी ती करणारे हात मिळणार नाहीत. इकडे ती वेळ आलेली आहे. तिकडे अजून नाही, म्हणून सांगतोय: तुमचा पत्रेवाला अजून फोन उचलतोय तोवर त्याला बोलवा, आणि भाव करताना घासाघीस जरा कमी करा.