दोन अक्षरांचा फरक

माझी भाची पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचे काम कृत्रिम पेप्टाइडांशी. "मामा, अमिनो आम्ले ही अक्षरे, आणि ती ठरावीक क्रमाने जोडली की होणारा शब्द म्हणजे पेप्टाइड," असे तिने मला माझ्याच भाषेत समजावले. मला ते तत्काळ पटले. एका वेलांटीने 'दिन'चा 'दीन' झालेला मी उत्तरपत्रिकांत नित्य पाहतो! ऑक्सिटोसिन हा नऊ अक्षरी शब्द. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाला कळा आणणारा. त्यातली दोनच अक्षरे बदलली की व्हॅसोप्रेसिन होते, आणि ते मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगते. द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले; १९५५ चे नोबेल त्यांना मिळाले.

पण घडवलेले सांभाळायचे कसे? कोरडी पूड उणे २० अंशांवर ठेवतात. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडायचे नाही. गार पुडीवर हवेतला ओलावा बसतो आणि ती श्रावणातल्या पापडासारखी सादळते. बंद कुपी आधी खोलीइतकी उबदार होऊ द्यायची. विरघळवल्यावर लहान लहान कुप्यांत वाटून गोठवायची. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवली की माल बिघडतो. (आमच्या आईची लोणच्याची मोठी बरणी माळ्यावर आणि लहान ओट्यावर असे, ते उगीच नव्हे.)

शिवाय चिठ्ठीवरची '९८ टक्के शुद्ध' ही अक्षरेही नीट वाचावी लागतात. पुडीत क्षार आणि पाणी असतेच. ते त्या टक्केवारीत धरलेले नसतात. एक मिलिग्रॅम तोलले, तरी पेप्टाइड कधी पाऊणच भरते.

हे सारे आमच्या शेजारचा व्यायामवेडा तरुण ऐकत होता. त्याने हळूच खिशातून एक कुपी काढली. स्नायू भरतात म्हणून मागवलेली. वर छापले होते : 'केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नव्हे.'

"टोचलीस?" भाचीने विचारले.

"अजून नाही, ताई."

"आली कशी?"

"कुरियरने. मे महिन्यात. आठ दिवस लागले."

ती म्हणाली, "बशीतल्या पेशींना चालणारी पूड निर्जंतुक असेलच असे नाही. आणि आत चिठ्ठीवरचाच शब्द आहे, हे तू कशावरून ठरवणार?"

त्याने कुपी टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांच्या दवाखान्याची वेळ विचारली.